एक घर, दोन पॅनल

कार्यक्रमाचं नाव सांगत नाही. एकवीस पानांचा करार होता, त्यात काय सांगायचं आणि काय नाही हे लिहिलेलं असणार. मी तो न वाचताच सही केली, त्यामुळे आता जपून राहिलेलं बरं. ज्यांनी पाहिला त्यांना ओळखू येईलच. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते: बारा बायका, एक फार्महाऊस, सहा आठवडे आणि भिंतीभिंतीवर कॅमेरे. दर शनिवारी एकीला, कधी दोघींना घरी पाठवायचं, आणि कुणाला पाठवायचं हे बायकांनीच मतं देऊन ठरवायचं. शेवटी जिंकणार कोण, हे मात्र टीव्ही बघणारी जनता मोबाइलवरून ठरवणार. त्या बारा जणींत एकाच घरातल्या दोघी होत्या. एक मी आणि दुसरी माझी थोरली जाऊ.

तिला मी आक्का म्हणते. आमचं घर दौंड तालुक्यात, कुरकुंभपासून गाडीवर पंधरा मिनिटांच्या अंतरावर. ऊस आहे, चार गायी आहेत, नऊ माणसं आहेत आणि सगळ्यांची चूल एक. चूल म्हणजे आता गॅसच, पण बोलायची पद्धत तीच. मी कुरकुंभला औषधांच्या कंपनीत पॅकिंग तपासायला जाते, तिन्ही शिफ्ट करते. रात्रपाळी संपवून सकाळी घरी आले की मला झोप मिळावी म्हणून आक्का सगळ्यांना दम देऊन गप्प बसवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. सहा महिने ती माझ्या वाटणीच्या भाकऱ्या थापून सासूबाईंपुढे माझ्या नावावर खपवत होती. त्या घरात माझं म्हणावं असं माणूस एकच होतं, आणि मला वाटतं तिचंही मीच.

म्हणून तर तिनं ते मला सांगितलं. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी मेथी निवडताना ती अचानक म्हणाली, "धाकटे, मला येगळी चूल पाह्यजे गं."

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"भांडून न्हाई," ती म्हणाली. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणते, सासऱ्यांना आम्ही दोघी आप्पा. "आत्याबाईंचं काय चुकत न्हाई. पर अकरा वर्सं झाली, आज भाजी कुठली करायची ह्ये मला रोज दुसरंच कुणीतरी सांगतंय. येकदा तरी म्या ठरवावं आसं वाटतं. येळ बघून मीच आप्पांना इचारीन. तू मातर कुठं बोलू नको."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तेव्हापासून ती वेळ बघत होती. कधी ऊस तोडीला आलेला असायचा, कधी गाय व्यायची, कधी कुणाचं तरी लग्न असायचं. वेळ काही सापडत नव्हती.

कार्यक्रमासाठी अर्ज भरला तो मी. आक्कानं भरलाच नव्हता. दौंडला एका मंगल कार्यालयात निवड होती. तिथं एकटीनं कुठं जायचं म्हणून मी तिला बरोबर घेतलं. मी पोरीबाळींसारखी नटून आत गेले, कंपनीतल्या सुपरवायझरची नक्कल केली, बऱ्यापैकी हशा मिळवला. बाहेर आले तर वॉकी-टॉकीवाली एक मुंबईची मुलगी आक्काला विचारत होती, "ताई, तुमचा फॉर्म कुठाय?" आक्का म्हणाली, "माझा न्हाई. मी पिशवी धराया आलीय." ती मुलगी इतकी हसली की तिनं आक्काला पिशवीसकट आत नेलं. आम्ही जावा आहोत हे कळल्यावर तर आतल्या टेबलामागच्या सगळ्यांचे चेहरे उजळले. जावा म्हणजे भांडण आपसूक येणार, असा त्यांचा हिशोब असावा. आठ दिवसांनी दोघींनाही फोन आला.

मला वाटलं होतं आप्पा नाही म्हणतील. त्यांनी आयुष्यात विठ्ठलाचं नाव घेतलं नसेल इतक्या वेळा मतदारयादी वाचली आहे. सोसायटी, ग्रामपंचायत, दूध डेअरी, जिथं म्हणून निवडणूक होते तिथं आप्पा असतात. त्यांचा एक पक्का नियम आहे. गावात दोन पॅनल पडले की आप्पा एका पॅनलमध्ये जातात आणि त्यांचे धाकटे भाऊ दुसऱ्या. दिवसा हे त्यांना माइकवरून शिव्या देणार, ते ह्यांना देणार. संध्याकाळी दोघंही आमच्या ओसरीवर एका ताटात जेवणार. कुठलंही पॅनल येवो, घरातला एक माणूस आत असतोच. आमच्या भागात निम्मी घरं असंच करतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आप्पांनी अंगणात खुर्ची टाकून आम्हा दोघींची बैठक घेतली.

"बारा बाया हायती म्हंजी दोन पार्ट्या पडणारच," ते म्हणाले. "धाकटी कंपनीतली हाय, बोलती चालती हाय. तिनं शहराकडच्या बायांत शिरायचं. थोरलीनं गावाकडच्यांत. येकमेकींशी लई गोड बोलायचं न्हाई. लोकांनी म्हटलं पाह्यजे, ह्या दोघींचं अजाबात पटत न्हाई. येकीवर येळ आली की दुसरीनं तिकडून मत फिरवायचं. फायनलला कुणीबी जाऊ द्या, पाटी आपल्याच घरावर लागंल."

आक्का म्हणाली, "व्हय आप्पा." मी तर खूशच झाले. मला ते फार डोकेबाज वाटलं.

फार्महाऊस शिरूरच्या बाजूला होतं, घोड नदीच्या काठी. गंमत म्हणजे माझं माहेर तिथून चार किलोमीटरवर. आमचे फोन काढून घेतले होते, बाहेरच्या माणसाशी बोलायला बंदी होती, आणि रोज सकाळी सेटवर दूध घालायला येणारा माणूस माझा सख्खा भाऊ होता. तो कॅन उतरवताना माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे बघायची आणि दोघंही परक्यासारखे मान वळवायचो. तिसऱ्या दिवशी त्यानं कॅनकडे बघतच "आईचा गुडघा बरा हाय" असं सांगून टाकलं, तर त्याला गेटच्या बाहेरूनच दूध द्यायला लावलं. दिवस कलला की सगळं शूटिंग आटपतं घ्यायचे, कारण आजूबाजूला ऊस आणि उसात बिबट्या. मुंबईच्या कॅमेरावाल्यांना कुणीतरी बिबट्याचे व्हिडिओ दाखवून ठेवले होते. आम्हाला त्याचं काही नव्हतं, आम्ही फक्त उकिडवे बसू नका, खाली वाकलेल्या माणसावर तो झेप घेतो, एवढं त्यांना सांगितलं.

पार्ट्या पडायला दोन दिवस लागले. लोकांना वाटतं विचार जुळले की गट होतो. आमचे गट न्हाणीवरून झाले. घराला न्हाण्या दोन. पुढच्या ओट्यालगतच्या न्हाणीत गीझर होता, मागच्या स्वयंपाकघरालगतच्या न्हाणीत बंब. ज्यांना बंब पेटवता येत नव्हता त्या पुढे गेल्या आणि ज्यांना गीझरच्या रांगेत तासभर उभं राहवत नव्हतं त्या मागे. म्हणून एक गट ओट्यावरचा आणि एक चुलीपाशीचा. ओट्यावरच्या गटाची पुढारी पुण्याची एक डान्स क्लासवाली होती. दिसायला देखणी, बोलायला धारदार, आणि कुणाकडे बघून हसायचं हे ती मोजून ठरवायची. चुलीपाशी पुढारी होती शिरूर डेपोतली एस.टी. कंडक्टर. ती आल्या आल्या सगळ्यांना खणखणीत "जय भीम" घालायची, आणि पंगतीत कुणी कुठं बसायचं हेही तिचंच काम. "मागं जागा हाय, पुढं गर्दी करू नका," असं ती सवयीनं म्हणायची. तिच्या गटात कुणी कुणाच्या मागे बोललेलं तिला चालायचं नाही. बोलायचं तर समोर, आणि सुट्टे असल्यासारखं लगेच.

ठरल्याप्रमाणे मी गीझरकडे गेले, आक्का बंबाकडे.

मी इथं खरं तेच सांगते. मला ओटा फार आवडला. आयुष्यात पहिल्यांदा पाच-सहा बायका माझ्याभोवती बसून माझ्या बोलण्याची वाट बघत होत्या. मी सुपरवायझरची नक्कल केली, सासूबाईंची केली, आप्पांचं माइकवरचं भाषण करून दाखवलं. डान्सवाली टाळी द्यायला हात पुढे करायची. माझ्यासाठी ती खुर्ची राखून ठेवायची. कंपनीत आठ तास तोंडावर मास्क लावून गोळ्यांची पाकिटं मोजणाऱ्या बाईला हे किती चढतं हे मला कळलंच नाही. मी दिवसेंदिवस मोठ्यानं हसायला लागले.

आक्काशी बोलायचं नाही, हे पहिल्या आठवड्यात नाटक होतं. ती जेवण वाढताना मी मुद्दाम तोंड वाकडं करायची आणि ती पदराआड हसायची. दुसऱ्या आठवड्यात तिच्याकडे बघायचंच राहून जाऊ लागलं.

मग शुक्रवारी फळा लागायला लागला. टीव्हीवर भाग आठवडाभर उशिरानं दाखवायचे आणि लोकांच्या मतांवरून आमचा क्रम लावायचे. दुसऱ्या शुक्रवारी आक्का पहिली. मी नववी. तिसऱ्या शुक्रवारी आक्का पहिली. मी नववीच, आणि तोपर्यंत दोघी घरी गेल्या होत्या, म्हणजे आम्ही दहाच उरलो होतो.

तिनं केलं तरी काय होतं? काही नाही. रोज सकाळी भाजीचे क्रेट यायचे. आक्का त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. वांगी उचलून बघायची, ठेवायची, गवार हातात घ्यायची. मग स्वतःशीच म्हणायची, "आज काय करावं बरं?" आणि तिचा चेहरा असा काही खुलायचा की कॅमेरावाला तिथून हलायचा नाही. लोक त्यावर वेडे झाले. घराघरात बायका स्वयंपाकघरात उभ्या राहून तसंच म्हणून व्हिडिओ काढायला लागल्या, असं आम्हाला नंतर कळलं. ती क्रेटसमोर इतकी खूश का दिसते, हे सगळ्या महाराष्ट्रात फक्त मला माहीत होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा भाजी ती ठरवत होती.

मला तिच्यासाठी बरं वाटायला हवं होतं. मला जळजळ झाली. बोलते मी, हसवते मी, नक्कल करते मी, आणि पिशवी धरायला आलेली बाई पहिली. हे मी तेव्हा स्वतःलासुद्धा कबूल केलं नसतं.

त्याच शुक्रवारी दुपारी ओट्यावर आम्ही शेंगा फोडत बसलो होतो. डान्सवालीनं माझी खुर्ची राखली नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "मला एक सांग. जाऊ तिकडे, तू इकडे. हे तुम्ही घरून ठरवून आलात ना? तू त्यांचीच माणूस आहेस."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ती सुखाची टोळी हातची जाणार, एवढंच मला दिसत होतं. आप्पांनी सांगितलेलं आठवलं, लोकांना वाटलं पाहिजे यांचं पटत नाही. मी ते पटवून द्यायला निघाले.

"मी आणि तिची माणूस?" मी म्हणाले. "आदर्श सून म्हणून डोक्यावर घेतलंय ना सगळ्यांनी तिला? सहा वर्षं झाली, तिला घरातून वेगळं निघायचंय. वेगळी चूल मांडायचीय. सासू-सासरे नकोच झालेत तिला."

शेवटचं वाक्य तर तिनं कधीच म्हटलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं. बोलता बोलता जमून गेलं.

डान्सवालीनं टाळी द्यायला हात पुढे केला. मी टाळी दिली. मग मला काचेपलीकडे उभी असलेली वॉकी-टॉकीवाली मुलगी दिसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून प्रेमानं हसत होती. माझ्या गळ्याशी माइक होता, चोवीस तास असायचा. हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

आप्पांच्या राजकारणात एक सोय असते, ती तेव्हा माझ्या लक्षात आली. त्यांच्या निवडणुकीत संध्याकाळ होते. दिवसभर काहीही बोला, दिवेलागणीला माणूस घरी येतो, दोन घास बरोबर खातो आणि सगळं जागेवर येतं. आमच्या इथं संध्याकाळ नव्हती. आक्काला बाजूला घेऊन सांगायचं म्हटलं तर तिच्याही गळ्याशी माइक. माफी मागायची म्हटली तर ती पण रेकॉर्ड होणार आणि गाण्यासकट दाखवली जाणार. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर केलं आणि सकाळी तिनं केलेलं पिठलं खाल्लं. चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मतदानाला माझं नाव आलं, आणि ते आणलं ओट्यावरच्यांनीच. डान्सवाली उभी राहून म्हणाली, "जी बाई घरातलं माणूस असं उघड्यावर आणते ती उद्या आमचं काय करेल? मला भीती वाटते बाबा." काय उघड्यावर आणलं, हे मात्र तिनं सांगितलं नाही, ते टीव्हीवर येईपर्यंत झाकून ठेवायचं, असं तिला आतून सांगितलेलं असणार. ओट्यावरचे सगळे हात माझ्याविरुद्ध वर गेले. चुलीपाशीच्या गटानं मला कशाला ठेवावं? त्यांचेही गेले. कंडक्टरनं तर माझ्याकडे बघून "शेवटचा स्टॉप आला, ताई" म्हटलं, तेही वाईट मनानं नाही.

एक हात खाली होता. आक्का उठून उभी राहिली. आप्पांचं ठरलेलं सगळं बाजूला सारून, सगळ्यांच्या देखत, ती म्हणाली, "ही माझी हाय. हिला ऱ्हाऊ द्या."

एक विरुद्ध आठ. मी बॅग भरायला गेले तेव्हा ती दारापर्यंत आली आणि माझ्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. "घरी गेल्यावर नीट जेव," म्हणाली. मी तिच्या डोळ्यांत बघू शकले नाही. तिला वाटलं मी हरल्यामुळे रडतेय.

घरी आले आणि माझे आठ दिवस सुरू झाले. भाग आठवडाभर उशिरानं यायचा, म्हणजे माझं ते बोलणं पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सातला येणार. तोपर्यंत मी आप्पांना स्वतः सांगू शकले असते. रोज ठरवायची आणि रोज कंपनीत निघून जायची. त्यापेक्षा मला एक फार हुशारीची गोष्ट सुचली. शुक्रवारी दुपारी मी गच्चीवर जाऊन डिशची वायर सैल केली.

सात वाजता टीव्हीवर नुसतं 'नो सिग्नल'. दिरांनी रिमोट आपटून बघितला. मी म्हणाले, "जाऊ द्या, उद्या बघू." आप्पा म्हणाले, "आरं, सुनांचा कार्यक्रम हाय, उद्या काय? चला धाकट्याकडं." आणि सगळे उठून चुलत सासऱ्यांच्या घरी निघाले. तिथं तर त्यांनी अंगणात मोठा पडदा लावला होता आणि निम्मी आळी सतरंज्यांवर बसलेली. आमच्या खोलीत आठ माणसांनी ऐकलं असतं ते माझ्या हुशारीमुळे साठ-सत्तर जणांनी ऐकलं. पडद्यावर माझं तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं दिसत होतं. "सासू-सासरे नकोच झालेत तिला," असं मी तीनदा म्हणाले, कारण त्यांनी ते तीनदा दाखवलं, तिसऱ्या वेळी तर ढोलसुद्धा वाजला.

सासूबाई उठल्या आणि घराकडे चालू लागल्या. आप्पांनी मला तिथंच, सगळ्यांसमोर विचारलं, "खरं हाय का ह्ये?"

"येगळी चूल पाह्यजे ह्ये खरंय," मी म्हणाले. "ती बी भांडून न्हाई. नकोच झालेत, त्ये माझं."

आप्पांनी पडद्याकडे बघितलं, तिथं आता साबणाची जाहिरात चालली होती. मग म्हणाले, "आमी दोघा भावांनी तीस वर्सं येकमेकाला स्टेजवरनं शिव्या दिल्या. त्येच्या दारूवर म्या बोललो, माझ्या रस्त्याच्या कामावर त्यो बोलला. घरात मनातलं सांगितलेलं कवा बाहेर काढलं न्हाई. त्ये तुला सांगाया पाह्यजे हुतं व्हय?"

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

पुढे मला जे व्हायचं ते झालं. मोबाइलवर अनोळखी लोकांनी मला काय काय म्हटलं ते सोडा. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बिहारकडच्या दोन हेल्पर बाया माझ्या टेबलाशी येऊन काळजीनं म्हणाल्या, "दीदी, आपने ऐसा क्यों बोला?" मग चौकशी केली तेव्हा कळलं की माझी अख्खी शिफ्ट पहिल्या आठवड्यापासून आक्कालाच मत देत होती. मी वरणभात खाल्ला.

शेवटच्या आठवड्यात भाग उशिरानं नाही, थेट दाखवत होते, आणि त्यात त्यांनी आक्काला माझी ती क्लिप मोठ्या पडद्यावर दाखवली. ते मी घरी बसून बघितलं, आमची वायर दिरांनी नीट केली होती. आक्का उभी राहून सगळं बघत होती. तिनं रडावं म्हणून कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या किती जवळ गेला होता. क्लिप संपली. ती म्हणाली, "भाजी खाली लागंल," आणि आत निघून गेली. त्या एका वाक्यावर तिला लोकांनी भरभरून मतं दिली. ती दुसरी आली. कंडक्टर पहिली आली, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला.

आक्का घरी यायची त्या दिवशी वेशीवर डीजे, गुलाल आणि वरून फुलं टाकायला जेसीबी. आमच्याकडे हल्ली जेसीबीशिवाय कुणाचं स्वागत होत नाही. पण खरी तयारी आप्पांनी केली होती. बारा दिवसांत अंगणाच्या पलीकडच्या बाजूला दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. आत काळ्या दगडाचा ओटा, गॅस, स्टीलची मांडणी आणि दाराला लाल फीत. सगळं गाव बघत होतं की या घरात आता भांडण होणार. आप्पांनी भांडणाला जागाच ठेवली नाही. मागणी यायच्या आत मंजूर करून टाकली, तीस वर्षांचा अनुभव होता. मिरवणूक सरळ त्या दारापाशी आणली, माइक घेतला आणि भाषण केलं. "आमच्या सुनंला जे पाह्यजे त्ये आमी दिलं!" टाळ्या पडल्या. आक्कानं फीत कापली. शंभर मोबाइल वर झाले होते. ती छान हसली, सासूबाईंच्या पाया पडली, आप्पांच्या पडली. मी गोठ्यापाशी उभी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पांगल्यावर मी तिच्याकडे गेले. ती नव्या ओट्यावर डबे लावत होती. मी दारातच रडायला लागले आणि जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं, अगदी वायरीचंसुद्धा. वायरीचं ऐकून ती हसली.

"मी रागावले न्हाई गं," ती म्हणाली. "ओटा मला पाह्यजेच हुता. मिळाला. पर सहा वर्सं मी येक वाक्य जुळवत हुते. आप्पांपुढं कसं हुबं ऱ्हायचं, पयलं काय म्हणायचं, आवाज कसा ठिवायचा. येकदा तरी कायतरी आपल्या तोंडानं मागून घ्यावं, आसं हुतं मनात. आता त्ये ऱ्हायलंच. मिळालेलं परत कसं मागायचं?"

मी खालचे डबे उचलून तिच्या हातात देऊ लागले.

याला आता दीड वर्ष झालं. कुणाला वाटेल ती माझ्याशी बोलत नाही, तर तसं मुळीच नाही. मी कामावरून आले की ती मला हाक मारून चहाला बोलावते. साखर बरोबर घालते. माझ्या शिफ्टची, पाठदुखीची चौकशी करते. कधी मला आवडते म्हणून शेपूची भाजी करून वाटी पाठवते. गावातल्या बायका म्हणतात, बघा, टीव्हीवर एवढं झालं तरी जावांचं किती पटतं. बरेच दिवस मलाही तसंच वाटत होतं.

परवा दुपारी आम्ही दोघीच तिच्या ओट्याशी बसलो होतो. तिचा चेहरा उतरलेला होता, काहीतरी नक्की होतं. मी विचारलं, "आक्का, काय झालंय? माझ्याजवळ बोल की."

तिनं चेहरा नीट केला. हसली. "काय न्हाई की," म्हणाली. "सगळी लई चांगली हायती माझी. मला काय कमी हाय?" आणि आणखी थोडा चहा ओतला.

आवाज स्वच्छ, वाक्य पूर्ण, कुणीही ऐकावं असं. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी ती कॅमेऱ्यासमोर बोलावं तसं बोलली. दीड वर्ष ती माझ्याशी असंच बोलते आहे.